पाचवा टेक

चौथ्या टेकनंतर एकदम सहावा आला, तेव्हा तिचा माउसवरचा हात थांबला. पडद्यावर पाटी होती, सीन एकेचाळीस, टेक सहा, अक्षर स्वच्छ, आणि पाटीमागे तिचा नवरा खुर्चीत बसून कॉलर सारखी करत होता. ती मागे गेली. टेक चार. पुढे आली. टेक सहा. मधला टेक खराब झाला म्हणून उडाला असेल, असं होतं, नाही असं नाही. पण खराब टेकसुद्धा तिच्याकडे येतो. कुणाला शिंक आली, दिवा पडला, कुणी वाक्य विसरलं, ते सगळं येतं, कारण काय टाकायचं हे ठरवणं हेच तर तिचं काम. तिनं कंटिन्युइटीची, म्हणजे सेटवरच्या नोंदींची, वही ओढली. वहीत पाचवा टेक होता. ती वही लिहिणारी बाई मोठी काटेकोर. तिनं पाचव्यापुढे चांदणी काढून ‘दिग्दर्शकांना फार पसंत’ असं लिहिलं होतं. आणि त्या ओळीवर कुणीतरी हिरव्या शाईनं आडवी रेघ ओढली होती. हिरव्या शाईचं पेन तिच्या ओळखीत एकच माणूस वापरायचा, आणि तो सकाळी तिच्याच घरातून तिचीच छत्री घेऊन बाहेर पडला होता.

धंद्यात तिला कात्री म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि सव्वीस वर्षं झाल्यावर आता तिलाही हाक मारल्यावर मान वळवायची सवय झाली होती. नवऱ्याला मात्र टोपणनाव पडण्याइतकंही कुणी लक्षात ठेवलं नव्हतं. पंचवीस वर्षं तो हिंदी सिनेमात दारात उभा राहून ‘साहब, गाड़ी तैयार है’ म्हणत आला. कधी वकिलामागे फाइल धरून उभा राहिला, कधी घरातला तिसरा भाऊ झाला. पन्नाशीला आल्यावर एका निर्मात्याला त्यानं लिहिलेली गोष्ट आवडली, तेव्हा हा हट्टाला पेटला की दिग्दर्शकही मीच आणि नायकही मीच. ‘पहिलटकर आहे हं, जपून,’ असं लोक तिला म्हणत, जणू बाळंतपण तीच करणार होती. आणि एका परीनं तीच करणार होती. गोष्ट चांगली होती, हे ती मोकळेपणानं कबूल करी. मोटार शिकवणारा एक साधा माणूस, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ एके दिवशी नाहीसा होतो, त्याला शेवटचं पाहिलं ते यानंच. एकेचाळिसाव्या सीनमध्ये हा बायकोला सांगतो की तुझा भाऊ जाताना हसत होता. ते खोटं असतं. पण ते खोटं आहे हे प्रेक्षकाला शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत कळता कामा नये, आणि कळल्यावर मात्र त्याला वाटलं पाहिजे की अरे, हे तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. सगळा सिनेमा त्या एका सीनवर उभा होता. आणि त्यातला सगळ्यात पसंत टेक नवऱ्यानं काढून घेतला होता.

तिनं सहायकाला आत बोलावलं. सहायक म्हणजे चाळिशीची, दोन मुलांची आई, कामाला चोख आणि खोटं बोलायला अगदीच कच्ची बाई.

“एकेचाळीसचा पाचवा कुठे गेला?”

“नसेल आला, ताई.”

“वहीत आहे.”

सहायकानं दाराकडे पाहिलं. “सरांनी मागच्या सोमवारी काढायला लावला. म्हणाले, कात्रीला उगाच गोंधळ नको, तो वापरायचाच नाहीये.”

“आणि तुम्ही काढलात.”

“सर आहेत ना ते. आणि तुमचे...” पुढचा शब्द तिला सुचेना. ती म्हणाली, “चहा आणू का?”

चहा नको होता. सहायक गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि पडद्यावरच्या माणसाकडे बघत बसली. बाहेर दिवसाचे अकरा वाजले असतील, पण या खोलीला कसला दिवस! भिंतींना काळपट कापड, खिडकीला जाड पडदा, एसीचा गारवा नेमका मानेवर. तिच्या मनात पहिलं आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं. नायिका. नायिका रंगभूमीवरची, वयानं पोक्त, आवाजानं भारी, आणि बोलताना समोरच्याच्या बाहीला हात लावायची. पाचव्या टेकमध्ये काय असेल? कॅमेरा चालू आहे हे विसरून दोघं काही बोलले असतील, हसले असतील, एखादा हात जरा जास्त वेळ राहिला असेल. तिला मत्सर वाटला नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं. वाटला तो संशय, आणि संशयाला एक प्रकारची टापटीप असते, ती तिच्या अंगात आधीपासून होतीच. तिनं आधीच्या आठवड्यांचे आवाज काढले. चित्रीकरणात चित्र एकीकडे आणि आवाज एकीकडे असतो. आवाजवाला आपल्या यंत्रावर तो वेगळा टिपतो आणि दोन्ही जुळवतात ते इथे, या खोलीत. दुसरा कुणी नट असता तर शॉट संपला की शर्टाच्या आतला माइक काढून देऊन मोकळा झाला असता. पण हा नटही आणि दिग्दर्शकही. शॉट संपला की तसाच उठायचा आणि माइकसकट सेटभर सूचना देत फिरायचा. आणि आवाजवाला म्हातारा आणि चिकट, यंत्र बंद करायचाच नाही. त्यामुळे नवऱ्याचा दिवसच्या दिवस तिच्या डिस्कवर येऊन पडला होता, आणि हे त्या पहिलटकराच्या गावीही नव्हतं.

हेडफोन लावून ती दीड तास ऐकत राहिली. कापडाची खसखस, पावलं, आणि त्याचा आवाज, इतका जवळून की छातीला कान लावल्यासारखा. तो मेकअपवाल्याला सांगत होता की मी आज उपाशी आहे; त्या दिवशी तो घरून पोटभर खाऊन गेला होता, तिला आठवत होतं, कारण डबा धुतला तिनं. निर्मात्याच्या माणसाला सांगत होता की ही कल्पना मला पहाटे सुचली; ती कल्पना तिची होती आणि आंघोळीच्या पाण्याची वाट बघताना तिनं त्याला सांगितली होती. कॅमेरामनला म्हणाला, ‘बायको म्हणते तूच ग्रेट आहेस’. ती असं कधी म्हणाली नव्हती. सगळं किरकोळ. यातलं काहीच भांडण्याजोगं नव्हतं. पण बावीस वर्षं ती ज्या आवाजाला घरातला आवाज समजत होती, तो खोटं बोलताना जरासुद्धा बदलत नव्हता. पडद्यावर तो खोटं बोलायचा तेव्हा तिला कळायचं, कारण तिथे तो अभिनय करी. एक श्वास आधी घेई, पापणी जड करी. इथे श्वास नाही, काही नाही. सरळ रस्त्यानं गेल्यासारखा खोट्यातून खऱ्यात आणि खऱ्यातून खोट्यात जात होता. मग घरी काय होतं? ‘बरं झालंय जेवण.’ ‘मी तेव्हाच फोन करणार होतो.’ ‘तू अजून तशीच दिसतेस.’ ती एकेक वाक्य काढून बघायला लागली आणि तिला स्वतःचाच राग आला. हे काय चाललंय? संसार आहे की रीळ?

तिनं हेडफोन काढले आणि पुन्हा एकेचाळीस लावला, या वेळी कॅमेऱ्यानं टिपलेल्या कच्च्या आवाजासकट, निदान काम तरी होईल म्हणून. टेक तीन. नायिका पलंगाच्या कडेला, हा समोर खुर्चीत. ‘जाते-जाते हँस रहा था,’ तो म्हणाला. ‘मैंने पूछा, दीदी को बुला लूँ? बोला, नहीं, उनका काम अधूरा रह जाएगा।’ तिनं थांबवलं. संहितेत हे वाक्य असं नव्हतं. संहितेत नुसतं होतं की तो हसत होता आणि रात्री येतो म्हणाला. तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं, आणि मानेवरचा गारवा पाठीत उतरला.

अण्णा गेले त्याला सात वर्षं झाली. तिचे वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि घरी कुणाला एक चूक काढून दाखवली नाही असा माणूस. अकरा दिवस हॉस्पिटलात होते. तिच्या हातात तेव्हा एका मोठ्या सिनेमाचं शेवटचं रीळ होतं, प्रदर्शनाची तारीख डोक्यावर, दिग्दर्शक खुर्चीमागे येरझारा घालणारा. नवऱ्याकडे काम नव्हतं, म्हणून तो बसायचा अण्णांपाशी. सकाळी ती अण्णांना म्हणाली, दुपारी येते. दुपारी निघता आलं नाही. चार वाजता फोन आला. ती पोहोचली तेव्हा नवरा कॉरिडॉरमध्ये उभा होता, तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, “शांत गेले गं. मी विचारलं, तिला बोलावू का? म्हणाले, राहू दे, तिचं काम अर्धं राहील.” ती तिथल्या बाकड्यावर बसली आणि रडली, पण ते रडणं सुटं होतं. अण्णांनी तिला माफ केलं होतं. माफ कसलं, त्यांनी तिला कामावर पाठवलं होतं. हे वाक्य तिनं भावाला सांगितलं, आत्याला सांगितलं, नंतर कितीदा तरी इथे याच खोलीत, कुणी काम अर्धं टाकून निघालं की सांगितलं. सात वर्षं त्या वाक्याच्या आधारानं ती रोज या खुर्चीत येऊन बसत होती. आणि नवऱ्यानं ते एका खोटारड्या माणसाच्या तोंडी घातलं होतं. का? चांगलं वाक्य म्हणून उचललं असेल, लेखक मंडळी उचलतातच. पण मग त्या खोटारड्याच्याच तोंडी का? आणि पाचवा टेक का काढला?

तिनं कानसेनला फोन केला. कानसेन म्हणजे तो आवाजवाला. साठीचा, गवसणीतल्या तानपुऱ्यासारखा गप्प, एकेचाळीस आणि त्यापुढच्या सीनचे आवाज त्याच्याकडून यायचे बाकी होते. तो जेवणाच्या सुट्टीत स्वतः डिस्क घेऊन आला. डिस्क टेबलावर ठेवली, पण त्यावरून हात काढला नाही.

“पाचव्याचा आवाज आहे यात?” तिनं विचारलं.

“माझ्याकडे सगळंच असतं.”

“त्यानं तुम्हाला काढायला सांगितलं नाही?”

“त्याला ठाऊकच नाही. चित्र काढलं की आवाज आपोआप जातो असं वाटतं बिचाऱ्याला. पहिलटकर.” कानसेन जरा हसला आणि मग हसणं आवरलं. “तू मला धाकट्या बहिणीसारखी. ऐकलं नाहीस तरी काही अडणार नाही.”

“तुम्ही ऐकलंय?”

“ऐकणं माझं काम. ऐकलेलं पोटात ठेवणं हेही माझंच काम. तुझं तसं नाही, तुला त्याच्याबरोबर घरी जायचंय.”

“बाईची भानगड आहे?”

“छे गं,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की तिला वाटलं, तसं असतं तर यालाही बरं वाटलं असतं. त्यानं हात उचलला.

फाइल सापडायला वेळ लागला नाही. पाटी वाजण्याच्या आधीची चार मिनिटं होती ती. आधी नायिकेचा आवाज, जरा लांबून: “मला एक कळत नाही. हा बायकोला इतकं तोंडावर खोटं सांगतो कसा? ते मला पटल्याशिवाय मी ऐकू कशी? चारही वेळा मी नुसतं तोंड केलंय.” माइकवर कापड घासलं. मग नवरा मराठीत बोलायला लागला, हळू, सिनेमातल्या त्याच्या हिंदीपेक्षा कितीतरी साधं. “सांगतो तुला. कुणाजवळ बोलू नकोस. माझे सासरे गेले तेव्हा मी तिथे नव्हतो. बसायचं होतं मलाच, पण एका कामाचा फोन आला, रेंज मिळेना म्हणून जिन्यात गेलो आणि तिथेच बोलत राहिलो. परत आलो तर चादर वरपर्यंत ओढलेली. मग ही आली. विचारलं, शेवटी काय म्हणाले? आता काय सांगू, मी जिन्यात होतो म्हणून? तोंडातून निघून गेलं माझ्या. आणि खरं सांगतो, तिचा चेहरा असा मोकळा झाला... मला तो चेहरा पाहिजे. रडू नकोस. तुझं ओझं कुणीतरी उचलून घेतलंय, असा.” मग कुणीतरी ओरडलं, पाटी वाजली, आणि टेक सुरू झाला. त्यानं ते वाक्य म्हटलं. आणि नायिकेनं, संहितेत नसताना, एक श्वास सोडला. कात्रीनं तो श्वास ओळखला. तो तिचाच होता, बाकड्यावरचा.

तिला राग यावा तेवढा आला, उगाच कमी कशाला सांगायचं. उठून त्याचा इथे खुर्चीवर पडून असलेला कोट खिडकीतून फेकावा इतका आला. त्यानं तिचा चेहरा दुसऱ्या बाईला शिकवला होता. पण रागाच्या खाली जे होतं ते वाईट होतं. ते वाक्य इतकं नेटकं होतं, एवढं अण्णांना शोभणारं, की तिला तेव्हाच कळायला हवं होतं. माणसं जाताना अशी पूर्ण वाक्यं बोलत नाहीत. हिंदी सिनेमात बोलतात, आणि ती रोज कात्री लावून ती छाटते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या बाईनं स्वतःचं तेवढं खरं मानलं होतं, कारण ते तिला हवं होतं. आता वाक्य गेलं. त्याच्या जागी एक बंद खोली आली, त्यात अण्णा एकटे, आणि ते काय म्हणाले, काही म्हणाले की नाही, कुणाला शिव्या दिल्या, कुणाला हाक मारली, हे कळायला मार्ग नाही. तिला दुपारी जायचं होतं. ती गेली नव्हती. सात वर्षांपूर्वीचं ते न जाणं आज पहिल्यांदा तिच्यासमोर येऊन उभं राहिलं.

मग तिनं काम केलं. दुसरं काय येतं तिला? पाचव्याचं चित्र नव्हतं, म्हणून तिसऱ्याचं चित्र घेतलं आणि त्यावर पाचव्याचा आवाज बसवला. ओठ नीट जुळले, एके ठिकाणी नायिकेचा हात दाखवून वेळ मारून नेली. श्वास तसाच ठेवला. सीन असा झाला की कुणालाही पहिल्यांदा खरा वाटावा, आणि दुसऱ्यांदा पाहिल्यावर तेच वाक्य खोटं ऐकू यावं. इतका चांगला सीन या सिनेमात दुसरा नव्हता.

चार वाजता नवरा आला, छत्री कोपऱ्यात टेकवली, नेहमीसारखा तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. “दाखव,” म्हणाला. तिनं दाखवलं. वाक्य आलं. श्वास आला. खुर्चीच्या पाठीवरचा हात निघाला.

“हा आवाज कुठला?”

“पाचव्याचा.”

एसी घुर्र करत राहिला. तो स्टुलावर बसला. “आधीपासून ऐकलंस?”

“हो.”

“मी सांगणार होतो.”

“कधी?”

त्यानं खरंच विचार केला. “पिक्चर लागल्यावर,” तो म्हणाला. मग म्हणाला, “तो ठेवू नकोस.”

“राहील. चांगला आहे.” तिनं पडदा बंद केला, म्हणजे त्याला तिथे बघता येईना. “जिन्यात किती वेळ होतास?”

“चाळीस मिनिटं. पन्नास असतील.”

“काम कुठलं होतं?”

“ते... इन्स्पेक्टरचं. दोन सीनचं.”

ते दोन्ही सीन कापले गेले होते, तिला आठवलं. तिनं नाही, दुसऱ्या कुणीतरी. तिला हसू आलं असतं एखाद्या वेळी. “म्हणजे अण्णा काय म्हणाले, काही म्हणाले की नाही, ते कुणालाच माहीत नाही.”

तो गप्प राहिला. माणूस उत्तर नाही म्हणून किती वेळ गप्प राहतो आणि उत्तर आहे म्हणून किती, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

“कोण होतं तिथे?” तिनं विचारलं.

“वॉर्डातल्या मावशी होत्या.”

“त्या काय म्हणाल्या?”

“जाऊ दे ना आता.”

“काय म्हणाल्या?”

“तुला विचारत होते.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “ती आली का, म्हणून. मावशी म्हणाल्या, येतायत. मग थोड्या वेळानं परत, ती आली का. बस. मग नाही.”

तिनं खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाहिलं, सव्वीस वर्षांच्या सवयीनं पाहिलं. हेही रचत असेल. आत्ता, या स्टुलावर, माझ्याकडे बघत. पण रचून कुणाचं भलं होणार होतं? त्याचं नाही, तिचं तर नाहीच. मागच्या वाक्याला सुरुवात होती, शेवट होता, अण्णांचा स्वभाव होता. याला काहीच नव्हतं. रचायचंच असतं तर त्यानं यापेक्षा बरं रचलं असतं. तेवढा लेखक तो होता. अण्णांना ती हवी होती आणि ती आली नव्हती. तिला फार वाईट वाटलं, आजवर वाटलं नव्हतं इतकं, आणि त्यातच, लाज वाटावी असं, थोडं बरंही वाटलं.

“किती वेळा विचारलं?”

“काय?”

“किती वेळा म्हणाले, ती आली का?”

“दोनदा म्हणाल्या मावशी बहुतेक. की तीनदा. नीट आठवत नाही गं.”

“तीनदा धरते मी,” ती म्हणाली.